हल्ली घंटा कोण वाजवतं?

बाई, परवा शाळेच्या पटांगणात तुमची शोकसभा झाली आणि तिथे तुम्हाला अकरा वेळा 'शिस्तप्रिय' म्हटलं गेलं. मी मोजत बसले होते. दुसरं काही करायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि चौथीचा माझा अख्खा वर्ग समोर सतरंजीवर बसला होता. टेबलावर तुमचा फोटो होता, निवृत्तीच्या समारंभातला. अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर 'आता हे सगळं रिक्षातून न्यायचं कसं' ही काळजी. हार घातल्यावर नारळ दिसेनासा झाला, काळजी तेवढी राहिली.

तुमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, बेहेरेबाईंनी कधी हात उगारला नाही, पण त्यांच्या नजरेत जरब होती. जरब कसली डोंबलाची! चष्मा कायम डोक्यावर आणि आमच्याकडे बघायचं ते डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघतात तसं. तुमच्या नजरेला कोणीच घाबरत नव्हतं. आम्ही घाबरायचो ते तुमच्या खाली बसण्याला, आणि ते मात्र कोणी सांगितलं नाही.

कोणी उपद्व्याप केला की तुम्ही वर्गात जिथे असाल तिथे जमिनीवर मांडी घालायचात. साडी सावरायची, एक हात भिंतीला टेकायचा, 'आई गं' म्हणायचं आणि बसायचं. मग 'ये, बस.' उपद्व्यापी पोर समोर बसायचं. उभं राहून रागवायचं नाही, हा तुमचा स्वतःसाठी केलेला नियम. उभ्या माणसाचं पोराला फक्त ओरडणं ऐकू येतं, बोलणं ऐकू येत नाही, असं तुम्ही म्हणायचात. तुम्हाला बसायला वेळ लागायचा. तेवढ्यात तुमचा अर्धा राग उतरलेला असायचा आणि आमची पुरती हवा गेलेली असायची.

घंटेबद्दलही कोणी बोललं नाही. मला बोलायला उठवलं तेव्हा मी माइकपाशी गेले, 'बाई' एवढं म्हटलं आणि परत जागेवर येऊन बसले. सगळ्यांना वाटलं, मॅडमना गहिवरून आलं. ते खरंच आलं होतं. पण घंटेबद्दल बोलायचं तर तन्वीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि तन्वी तिसऱ्या ओळीत बसून माझ्याकडेच बघत होती.

म्हणून आता लिहिते आहे. सुरुवात माझ्या पहिल्या घंटेपासून करते, म्हणजे हळूहळू अवघड जागेपर्यंत येता येईल. मी मुळातच जरा उशिरा मुद्द्यावर येणारी आहे, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही.

मी तिसरीत होते. माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने मी आले की नाकाला रुमाल लावायला सुरुवात केली होती. आमचं घर मिरकरवाड्यात, बंदराला लागून. बाबा ट्रॉलरवर खलाशी, आई जेटीवर मासळी निवडायला. वास यायचाच. दोन दिवस मी सोसलं, तिसऱ्या दिवशी तिची नवी चप्पल उचलली आणि शाळेच्या कौलांवर भिरकावली. अशी नेमकी अडकली की काढायला माणूस बोलवावा लागणार होता. तुम्ही आलात, बसलात. आम्हा दोघींना समोर बसवलंत. सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मनीषा, वरची चप्पल खाली येईपर्यंत तुझी चप्पल हिने घालायची. आणि हिने आठ दिवस डबा तुझ्या शेजारी बसून खायचा. रुमाल माझ्याकडे." तिला ती शिक्षा वाटली असेल, पण ती माझीही होती, कारण ती रोज भेंडी आणायची.

आणि मग तुम्ही म्हणालात, "आज शाळा सुटायची घंटा तुम्ही दोघी वाजवा."

आमची घंटा म्हणजे व्हरांड्याच्या वाशाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तो जाड तुकडा आणि कोपऱ्यातला लोखंडी दांडा. ज्याला ज्या दिवशी शिक्षा, त्या दिवशी सुटीची घंटा त्याची. पुढे मी स्वतः मास्तरकी शिकत असताना तुम्हाला विचारलं होतं, हे कुठून काढलंत? तुम्ही म्हणालात, "कुठून काढू? शिक्षा झालेलं पोर घरी जाताना पाय ओढत जायचं. मला रात्री जेवण जायचं नाही. म्हटलं, दिवसाचं शेवटचं काम त्याला असं द्यावं की सगळी शाळा आनंदाने ओरडेल." एवढंच कारण होतं. मी मात्र तुमच्या या उत्तरावर डीएडच्या परीक्षेत दोन पानं लिहून आले.

मी त्या दिवशी अनवाणी घरी गेले. पण माझ्या आईला पाय दिसलेच नाहीत. तिला जेटीवर घंटा ऐकू आली होती आणि बरोबरच्या कोणाच्या तरी पोराने सांगितलं होतं की आज मनीने वाजवली. "आमच्या मनीनं शाळा सोडवलीन आज!" असं म्हणत तिने शेजारी दोन घरांत गूळखोबरं वाटलं. घंटेचा मान म्हणजे हुशारीचा मान, अशी तिची पक्की समजूत. मी त्या वर्षी चार वेळा घंटा वाजवली आणि चार वेळा गूळखोबरं वाटलं गेलं. खरं सांगायचं धाडस मला झालं नाही आणि तुम्हीही तिची समजूत मोडली नाहीत. आई मासळीची पिशवी घेऊन थेट वर्गाच्या दारात आली, "बाईंनू, पोरीचं एवढं कौतुक करता, ही दोन पापलेटं घ्या." तुमच्या घरी मासळी शिजत नाही हे सगळ्या मिरकरवाड्याला ठाऊक होतं, आईला सोडून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही पुढे आलात, पिशवी हातात घेतलीत, आत डोकावून बघितलंत आणि म्हणालात, "ताजी आहेत हो." मग ती शिपाईमामांच्या हातात दिलीत. आणि तसाच, तोच हात घेऊन, खडू उचललात आणि फळ्यावर पुढचं गणित घातलंत. हात धुवायला गेला नाहीत. मी पहिल्या बाकावरून बघत होते. आठ वर्षांची पोर काय काय बघते ते मोठ्यांना कळत नाही.

हे सगळं मी बघितलं होतं, बाई. मला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड झाला आहे.

मी बदलीने आपल्याच शाळेत आले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात, पण दर गुरुवारी मुलांना गोष्ट सांगायला यायचात. तोवर माझं घर वर शहरात, नाचणे भागात झालं होतं. नवरा बँकेत, मुलगी चिऊ इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. शाळेत मी कधी कोणाला सांगितलं नाही की मी मिरकरवाड्यातली. कोणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगायचे. आईकडे जाऊन आल्यावर मी लिंबाने हात धुवायचे, आणि चिऊने विचारलं की 'लिंबू हातांना चांगलं असतं' म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. साहेब तपासणीला येणार होते. वह्या नीट लावून ठेवायच्या होत्या आणि माझं डोकं सकाळपासून फिरलेलं. तन्वीने वही दिली. मुलगी हुशार, अक्षर मोत्याचं. पण तिची आई कोळंबी सोलायला जेटीवर जाते आणि तन्वी सकाळी तिच्या बाजूला बर्फाच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास करते. वहीला वास होता आणि निबंधाच्या पानावर नखाएवढं खवल चिकटलं होतं. मी वही दोन बोटांत धरली आणि म्हटलं, "तन्वी, ही वही आहे की मासळीबाजार? जा, आधी साबणाने हात धुऊन ये." वर्ग हसला. तन्वी गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाजत राहिलं.

तो गुरुवार होता. तुम्ही मागे व्हरांड्यात गोष्टीचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला होतात.

शाळा सुटल्यावर तुम्ही पायरीवर बसलात आणि बाजूची जागा हाताने झाडलीत. "ये, बस." मी बसले नाही. मी म्हटलं, "बाई, मी काय आता तिसरीत आहे?" आणि उभीच राहिले. आपलं ते सगळं भांडण मी उभ्याने केलं आणि तुम्ही बसून ऐकलंत.

तुम्ही म्हणालात, "वर्गासमोर बोललीस, वर्गासमोर चुकलं म्हण."

"आणि स्वच्छतेची शिस्त नको लावायला?"

"लाव की. नखं बघ, हात धुवायला लाव, सगळ्यांना लाव. तू एकटीला लावलंस. वर हसवलंस."

"मी माफी मागितली तर उद्या वर्ग माझ्या डोक्यावर बसेल."

"बसला तर मी येते उतरवायला. पण तू बोल."

मग मी ते वाक्य बोलले. "तुमचे दिवस वेगळे होते, बाई. तुम्हाला आता वर्ग सांभाळायचा नाहीये." तुम्ही पुस्तक पिशवीत घातलंत, भिंतीला हात टेकून उठलात आणि रिक्षा बघायला फाटकाकडे गेलात. मी मदतीला हातसुद्धा पुढे केला नाही.

त्या वेळी तुम्ही मला एका गोष्टीची आठवण करून देऊ शकला असतात. दिली नाहीत. ती मला घरी गेल्यावर, भांडी घासताना आपोआप आठवली आणि मी नळ बंद करून उभी राहिले.

मी चौथीत होते. शाळेच्या भिंतीवर कोळशाने होडी काढली म्हणून ती पुसायची शिक्षा मला झाली होती. बाबा बारा दिवस समुद्रावर होते. दुपारी शेजारचं कोणीतरी निरोप घेऊन आलं, बाबा आलेत, बर्फ आणि डिझेल भरलं की परत निघणार, पोरीला सोडा. तुम्ही म्हणालात, "आधी भिंत." मी रडत रडत भिंत पुसली. जेटीवर धावत पोचले तेव्हा ट्रॉलर बंदराच्या तोंडातून बाहेर पडत होता आणि मागच्या बाजूला कोणीतरी हात हलवत होतं. ते बाबा होते की दुसरं कोणी, ते मला कळलं नाही. बाबा दहा दिवसांनी सुखरूप आले, माझ्यासाठी एक मोठा शंख घेऊन. पण ते दहा दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. आणि खरं सांगू? त्या दुपारचा राग माझ्या मनात अजून थोडासा आहे. तो जायचा नाही. असू दे.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना झाल्यावर, तुम्ही सगळ्या वर्गासमोर खाली बसलात. "मनीषा, ये, बस." मला वाटलं, आता मी काय केलं? तुम्ही म्हणालात, "काल माझं चुकलं. भिंत आज पुसता आली असती. बाबा आज भेटणार नाहीत. मी नियम धरून बसले आणि तुझ्याकडे बघितलं नाही." आणि संध्याकाळी तुम्ही स्वतः व्हरांड्यात जाऊन दांडा उचललात आणि सुटीची घंटा वाजवलीत. त्यानंतर वर्ग तुमच्या डोक्यावर बसला? उलट त्या दिवसापासून आम्ही तुमच्यासाठी काहीही करायला तयार होतो. तुम्ही 'फळा पुस' म्हटलंत की तिघं धावायचे.

म्हणजे माफी मागणारी बाई कशी दिसते हे रत्नागिरीत एखाद्याला माहीत असेल तर ते मला. आणि मीच पायरीशी उभी राहून तुम्हाला सांगत होते की असं केल्याने शिस्त जाते.

तरीही मी तन्वीशी बोलले नाही. लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला, मग दिवस गेले. दिवस जाऊ दिले की गोष्टी आपोआप मिटतात, असं मला वाटत होतं. तन्वीने वहीला प्लास्टिकचं जाड कव्हर घातलं. हात वर करणं बंद केलं. आणि वही द्यायच्या आधी ती बोटं एकदा नाकाशी न्यायची. कोणाच्या लक्षात येणार नाही इतकं पटकन. माझ्या लक्षात यायचं.

तुम्ही गुरुवारी येत राहिलात. माझ्यावर रुसला नाहीत. चिऊसाठी खोबऱ्याच्या वड्या आणायचात, माझ्या सर्दीवर काढा सांगायचात. फक्त निघताना, फाटकाशी, एकदाच विचारायचात, "झालं का गो?" मी म्हणायचे, "नाही." तुम्ही 'बरं' म्हणायचात. पुढच्या गुरुवारी पुन्हा, "झालं का गो?" त्याच आवाजात, जराही न चढवता. मला गुरुवारचा धसका बसला. वड्या मिळत होत्या आणि सुटका मिळत नव्हती. तुमच्या हातून शिक्षा झालेल्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असेल.

मग तुमचं येणं थांबलं. दवाखाना, तपासण्या, आणि पुतण्याच्या घरची खिडकीजवळची कॉट. मी तीन वेळा भेटायला आले. शेवटच्या वेळी तुम्ही फार बारीक झाला होतात, चष्मा मात्र डोक्यावरच. मला वाटलं, आज विचारतील. तुम्ही 'झालं का गो' विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "हल्ली घंटा कोण वाजवतं?"

मी म्हटलं, "तुमचं येणं थांबल्यावर विजेची बसवलीय, बाई. वेळ लावून ठेवली की आपोआप वाजते."

"आपोआप?" तुम्ही जरा हसलात. "मग शिक्षा झालेलं पोर काय करतं?"

मी म्हटलं, "तुम्ही थोडा रस घ्या बघू." तुम्ही घेतलात, दोन घोट, माझ्या समाधानासाठी. मग मी चिऊच्या स्पर्धेबद्दल बोलले, पुतण्याच्या आंब्याच्या कलमांबद्दल बोलले, सगळ्या जगाबद्दल बोलले. निघताना तुम्ही माझा हात धरून ठेवलात. मी तेव्हा बोलायला हवं होतं. ती जागा होती, तो क्षण होता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. 'येते हं' म्हणून मी निघाले. पाच दिवसांनी फोन आला. बाई, मला माफ करा. हे तुमच्या समोर म्हणायचं होतं, खाली बसून.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, चिऊने माझ्या चांगल्या ओढणीला कात्री लावली. बाहुलीला साडी हवी होती. मी स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आले, हातात पळी, आणि तिच्या डोक्यावर उभी राहून जे सुरू केलं ते सुरूच. तुमचा खाली बसायचा नियम मी घरात पहिल्यापासून पाळत आलेय, पण त्या दिवशी भान नव्हतं. चिऊ सात वर्षांची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू बसली नाहीस."

मी पळी ठेवून खाली बसले. बसल्यावर रडूच आलं. चिऊ घाबरून म्हणाली, "मी ओढणी शिवून देईन ना." मी म्हटलं, "तू शिवच. पण मी ओढणीसाठी रडत नाहीये." मला ती पायरी आठवत होती, तुम्ही हाताने झाडलेली जागा.

आज सोमवार. प्रार्थना झाली, हजेरी झाली, आणि मी फळ्यासमोर खाली बसले. वर्गाला वाटलं, मॅडमना चक्कर आली. दोन मुली पाणी आणायला धावल्या, त्यांना परत बोलावलं. मग म्हटलं, "तन्वी, ये, बस."

ती आली. बसली. बोटं नाकाशी नेली.

मी मनात बरंच जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य वेळेला आलं नाही. मी म्हटलं, "तपासणीच्या दिवशी मी तुझ्या वहीला मासळीबाजार म्हटलं आणि सगळ्यांसमोर तुला हात धुवायला पाठवलं. ते चुकलं. तुझ्या वहीत काही वाईट नव्हतं. मी पण मिरकरवाड्यातली आहे. माझी आई अजून जेटीवर जाते. माझ्या वहीला तोच वास यायचा आणि मला त्याची लाज वाटत होती, ती मी तुझ्यावर काढली." मागून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, तुम्ही आमच्यातल्या?" मी 'हो' म्हटलं. इतकी वर्षं जे लपवलं ते सांगायला एवढाच वेळ लागला.

तन्वी रडेल असं मला वाटलं होतं, किंवा हसेल. तिने दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "बेहेरेबाईंनी सांगितलेलं."

"काय सांगितलेलं?"

"तुम्ही सांगाल म्हणून. मी त्यांना विचारलेलं कधी, तर त्या बोलल्या, मनीषाला वेळ लागतो. पण ती सांगते. तोवर तू थांब."

बाई, मी इतके गुरुवार समजत होते की तुम्ही माझ्या मागे लागला आहात. तुम्ही तर तिकडे माझ्या वतीने शब्द देऊन बसला होतात. मी पायरीवर बसले नाही, तुम्हाला नको ते बोलले, शेवटच्या भेटीत रस पाजून पळाले, आणि तरी एका नऊ वर्षांच्या पोरीला तुम्ही सांगून गेलात की मनीषा सांगते. माझा स्वतःचा माझ्यावर एवढा भरवसा नव्हता. मला वर्गासमोर रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

तन्वीने थोडा वेळ ते बघितलं. मग अगदी कामाचं बोलावं तसं म्हणाली, "मग आज घंटा तुमची."

ती गोष्टही तुम्ही गुरुवारी कधीतरी सांगून ठेवलेली दिसते. कारण सगळ्या वर्गाला नियम पाठ होता, मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मुख्याध्यापकांना मात्र समजावावं लागलं. "मॅडम, वीज तर आहे, मग बटण कशाला बंद करायचं?" मी म्हटलं, "सर, आजच्या दिवस करा." तुमचं नाव घेतल्यावर त्यांनी केलं.

रुळाचा तुकडा अजून वाशालाच होता, दांडा मात्र कपाटामागे, कोळिष्टकांत. तन्वीने तो शोधून काढला, फ्रॉकला पुसला आणि माझ्या हातात दिला. मी ठोका दिला. हात खांद्यापर्यंत झिणझिणला. किती वर्षांनी, बाई! आवाज तोच, जरा गंजलेला. पोरं फाटकाकडे सुटली, ओरडत, दप्तरं आपटत, तशीच. तन्वी गेली नाही. शेजारी उभी राहून म्हणाली, "अजून जोरात मारा ना. जेटीवर आईला ऐकू गेलं पायजे." मी अजून जोरात मारले, तीन ठोके.

घरी पोचायच्या आत आईचा फोन. "मने, आज जुनी घंटा वाजली गो! कोणी वाजवलीन?"

"मी."

आईचा भरून आलेला आवाज, "माझी बाय गुणाची ती! बघायला आज बाई हव्या होत्या." बरोबरच्या बायकांना ती तिथूनच ओरडून सांगत होती, आमच्या मनीनं वाजवलीन. आज खरं सांगणार होते मी तिला. पण ती गूळ शोधायला गेली होती.

उद्या जाऊन सांगेन. तन्वीला एकदा सांगितल्यावर आईला सांगणं सोपं आहे. तिच्या शेजारी बसेन, जेटीवर, आणि परत आल्यावर लिंबाने हात धुणार नाही.

येत्या गुरुवारी फाटकाशी कोणी नसेल. कोणी विचारणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते.

झालं, बाई.